सेव्ह केलं होतंस का?

आमच्या वर्कशॉपमध्ये माणसं तीन. मालक, म्हणजे आमचे हे. इंजिनियर, म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी. आणि स्टोअर, डिस्पॅच, कुरिअर, चहा आणि त्या दोघांच्या भांडणात मध्यस्थी एवढी खाती सांभाळणारी मी. भाची ह्यांना मामा आणि मला मामी म्हणते, म्हणून माल न्यायला येणारे टेंपोवालेही आम्हाला मामा-मामीच म्हणतात. भाचीला मात्र सगळे टकटक म्हणतात. बोटं कीबोर्डवर नसली की ती टेबलावर वाजवते, आणि टेबल नसलं तर स्वतःच्या गुडघ्यावर.

त्या गुरुवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी ह्यांना मोबाइल चार्जिंगला लावायचा होता. म्हणून ह्यांनी टेबलावर चालू असलेल्या एका डब्याचा प्लग उपटला. प्लग काढण्याआधी कुणाला विचारणं हे ह्यांच्या स्वभावात बसत नाही. मग शेजारी जागा मोकळी दिसली, तेव्हा डबा तिथे लावून दिला. दीड मिनिटात डबा उठला, म्हणजे पुन्हा सुरू झाला, आणि त्याच्या पट्टीवर आकडा आला: एक.

टकटक जेवत होती. तिचा घास हातातच राहिला.

"मामा, हा पाच होता."

"मग?"

"सकाळी मीच त्याला पाच नंबर दिला होता. आता एक दाखवतोय."

"सेव्ह केलं नसशील," हे म्हणाले, आणि फोन किती टक्के झाला ते बघू लागले.

हे डबे कसले, ते सांगते. तान्ह्या बाळांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेला एक लागतो. बाळाच्या पायाला एक चिमटा असतो, त्याची वायर डब्यात जाते. श्वास थांबला किंवा अंग गार पडलं की डब्यावर लाल दिवा लागतो, घंटी वाजते आणि नर्सच्या टेबलावरच्या फळ्यावर खाटेचा नंबर येतो. तो नंबर डब्याला आपण द्यायचा. लॅपटॉपची वायर जोडायची, डबा सुरू करायचा आणि पहिल्या तीन सेकंदांत एक बटण दाबायचं. मग आधी उठणारा छोटा प्रोग्रॅम, ज्याला ही दोघं बूटलोडर म्हणतात, तिथेच थांबून तुमचं ऐकतो. नंबर पाच म्हटलं की पाच. पण हे त्याच्या डोक्यात फक्त लाईट असेपर्यंत राहतं. कायमचं हवं असेल तर 'सेव्ह' असं वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो कुरकुरत नाही, आठवण करून देत नाही, मुकाट्यानं कामाला लागतो. सेव्ह केलेला आणि न केलेला असे दोन डबे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. फरक कळतो तो लाईट गेल्यावर.

टकटकचं म्हणणं असं की हा प्रोग्रॅम बदलावा, सेव्ह केलं नसेल तर त्यानं टोकावं. ह्यांचं म्हणणं, ज्याला काम येतं त्याला टोकावं लागत नाही. हा वाद मी सतरा वेळा ऐकला आहे. शिवाय ह्यांनी एकदा, फार वर्षांपूर्वी, सेव्ह चालू असतानाच लाईट गेली म्हणून एक डबा कायमचा गमावला होता. पुन्हा उठलाच नाही, दगड झाला. तेव्हापासून वर्कशॉपचा नियम: सेव्ह एकदाच, सगळ्यात शेवटी, श्वास रोखून. माणसं देवाला भितात तशी आमच्याकडे सेव्हला भितात.

टकटकनं ताट बाजूला सारलं. "मामी, आपण हॉस्पिटलात डबे कधी बसवले?"

मी रजिस्टर उघडलं. "नऊ दिवस झाले. बारा नग. तूच बसवलेस."

"तिकडे सेव्ह केलं होतं का मी?"

"ते मला विचारतेस?"

"केलं असेन," ती म्हणाली. मग म्हणाली, "केलंच असणार." मग बोटं टेबलावर वाजायला लागली.

एरवी इंजिनियर लोक काम झाल्यावर डबा एकदा बंद करून पुन्हा सुरू करतात, म्हणजे काय टिकलं ते कळतं. पण तिथल्या सिस्टरनं प्रत्येक खाटेचा प्लग फक्त एकदाच काढू दिला होता. बाळांना सारखं सारखं डब्याविना ठेवायचं नाही, असं तिनं बजावलं होतं. लॅपटॉपवर सगळं टाइप केलेलं उमटतं, ते तरी बघावं म्हटलं, तर त्या दिवशी खिडकी बंद करताना लॅपटॉपनं विचारलं होतं, हे सेव्ह करू का? आणि बाईसाहेबांनी सांगितलं होतं, नको. जिथे विचारायला नको तिथे यंत्र विचारतं, आणि जिथे विचारायला हवं तिथे मूग गिळून बसतं.

"नऊ दिवसांत लाईट गेली नसेल तर काही बिघडलेलं नाही," हे म्हणाले. "उगाच हातपाय गाळू नकोस."

मी रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. कुठल्या गिऱ्हाईकाकडे कधी माणूस पाठवू नये, ते मी तिथे लिहून ठेवते. "अहो, हे ऐका. 'महिन्याचा पहिला गुरुवार, दुपारी चार, जनरेटरची चाचणी. लाईट बारा सेकंद जाते.'"

"आज कोणता वार?" ह्यांनी विचारलं. कॅलेंडर ह्यांच्या नाकासमोर होतं.

टकटकनं लॅपटॉप आणि वायर पिशवीत कोंबली. ह्यांनी वॉर्डाला फोन लावला आणि एकदम गोड आवाजात म्हणाले, "सिस्टर, आमची माणसं येतायत. काही नाही हो, रूटीन तपासणी." फोन ठेवून आमच्याकडे वळले. "तिथेही हेच सांगायचं, रूटीन. आधी बघा, मग बोला. भलतंसलतं बोलून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नका."

सव्वा तासाचा रस्ता. गाडी मी चालवत होते. टकटक अर्धा वेळ आठवत होती, अर्धा वेळ आठवलेलं खोडत होती. "एक नंबरला नक्की केलं. मला तो शब्द उमटलेला दिसतोय." "तो इथला, टेबलावरचा असेल." "नाही, तिथला. मागे हिरवी भिंत होती." थोड्या वेळानं: "हिरवी भिंत आपल्या बाथरूमची आहे ना?" पहिल्या अर्ध्या तासात तिनं अकरा वेळा 'केलं होतं' म्हटलं आणि नऊ वेळा 'नव्हतं'. मला मोजायची सवय आहे, त्याला इलाज नाही.

"नसेल केलं तर काय होईल ते तरी सांग," मी म्हटलं. माहीत होतं, पण बोलत राहिली तर गुडघा वाजवणं थांबेल असं वाटलं.

"लाईट परत आली की बाराही डबे स्वतःला एक नंबर समजतील. नवव्या खाटेवरचं बाळ गुदमरलं तर फळ्यावर एक येईल. नर्स पहिल्या खाटेकडे धावेल. तिथलं बाळ मजेत असेल. मग ती बाकीच्या अकरा बघत सुटेल."

"घंटी वाजेल ना पण?"

"वाजेल. पण एका खोलीत बारा खाटा. आवाज कुठून येतोय ते लगेच कळत नाही." ती खिडकीबाहेर बघू लागली. "केलेलं असू दे. बस, केलेलं असू दे."

मी म्हटलं, असेल. आणि मग एका सिग्नलला आम्ही उभ्या असताना तिनं माझा हात धरला, गिअरवरचाच.

"मामी. घंटी."

"काय घंटी?"

"त्या दिवशी बसवताना चिमटे लावून बघायचे होते. प्रत्येक वेळी घंटी ठणाणा करायची आणि सिस्टर माझ्यावर डोळे वटारायची. म्हणून नंबर देतानाच मी घंटी बंद असंही टाइप केलं होतं. तेवढ्यापुरतं. काम झाल्यावर एकेका डब्याचं झाकण उघडून, आतलं बटण दाबून चालू केली. पण ते बटणाचं चालू लाईट असेपर्यंतच."

"मग?"

"सेव्ह म्हटलं की तो निवडून घेत नाही मामी. त्या क्षणी डोक्यात जे जे असेल ते सगळं लिहून ठेवतो. नंबर ठेव आणि घंटीचं विसर, असं नाही सांगता येत. मी सेव्ह केलं असेल तर बंद घंटीसकट केलंय."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं भोंगा वाजवला.

मी जमाखर्च मांडून पाहिला. सेव्ह केलं नसेल तर चारनंतर घंटी वाजणार, पण नंबर खोटा. केलं असेल तर नंबर खरा, पण घंटी मुकी. म्हणजे मघापासून ही पोरगी ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावून बसली होती, तेच झालं असेल तर वाईटात वाईट. खोट्या नंबरावर माणूस निदान धावतं तरी. मुक्या डब्याकडे बघायला कोण जाणार?

पुढचा सगळा रस्ता ती एकच पुटपुटत होती: नसू दे केलेलं.

वॉर्डात पोचलो तेव्हा तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. आत उबदार, मंद उजेड, पडदे ओढलेले. बारा खाटा, दोन नर्स, आणि दाराशी टेबल टाकून बसलेली इन्चार्ज सिस्टर. पन्नाशीची, बारीक, चष्मा साखळीला.

"या. रूटीन म्हणे," ती म्हणाली. "चारला लाईट जाणार आहे, त्याआधी आटपा."

मी टकटककडे पाहिलं. ह्यांनी शिकवलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. ते तिनं गिळलं.

"रूटीन नाहीये, सिस्टर. माझी चूक आहे." आणि तिनं सगळं सांगितलं. नंबर, घंटी, दोन्ही शक्यता. सिस्टर चष्मा काढून पुसत राहिली.

"म्हणजे आत्ता वाजते?"

"आत्ता वाजते."

"आणि चारनंतर बहुतेक वाजणार नाही."

"बहुतेक."

"बहुतेक आमच्याकडे चालत नाही, बाई." तिनं टेबलावरचा फोन उचलला आणि जनरेटरच्या वायरमनला लावला. आम्हाला तिची बाजू ऐकू येत होती. "थांबवा ना आजच्या दिवस... लेखी? कुणाचं?... ते कधी भेटतात?... चारनंतर!" फोन आपटला नाही, अगदी हळू ठेवला. बाळं झोपलेली होती. "थांबत नाही. किती वेळ लागेल?"

"आधी एक बंद करून बघावं लागेल. मग दुरुस्त करायला प्रत्येकी अडीच मिनिटं."

"तीन नंबर घ्या. आज त्याची तब्येत बरी आहे. एका वेळी एकच खाट, आणि डबा बंद असेपर्यंत बाळावर माझ्या नर्सचा हात. हात असल्याशिवाय प्लगला शिवायचं नाही."

नर्सनं दोन बोटं बाळाच्या छातीवर ठेवली. टकटकनं प्लग काढला, लावला. दीड मिनिट. एवढ्या वेळात माणसानं काय करावं? मी त्या बाळाच्या पायाची बोटं मोजली. दहा होती. पुन्हा मोजली.

पट्टीवर आकडा आला: तीन.

"केलं होतं," टकटक म्हणाली. एखादी वाईट बातमी सांगावी तशी. तिनं चिमटा सैल केला. लाल दिवा लागला, फळ्यावर तीन आला. खोलीत चिटपाखराचाही आवाज नाही.

"बघताय काय," सिस्टर म्हणाली. "लागा कामाला."

प्लग काढायचा, वायर जोडायची, प्लग लावायचा, तीन सेकंदांत बटण, घंटी चालू, सेव्ह, डबा पुढे उठू द्यायचा. तीन झाला, मग एक, दोन, चार. मी पिशवी आणि घड्याळ धरून मागे. पाचव्या खाटेवर तिचं बोट बटणावरून घसरलं, तीन सेकंद निघून गेले, डबा तिला न विचारताच उठत गेला. दीड मिनिट पाण्यात.

"तीन सेकंद कुणी ठेवलेत हे?" सिस्टरनं विचारलं.

"मामांनी," टकटक म्हणाली.

"त्यांना म्हणावं, एकदा थंडीत हातमोजे घालून बटण दाबून दाखवा."

सहाव्या खाटेवरच्या बाळाला नळीनं दूध देणं चालू होतं. नर्स म्हणाली, दहा मिनिटं हलवायचं नाही. म्हणून सहा सोडून सात. आठ. माझा फोन थरथरत होता, ह्यांचे चार कॉल येऊन गेले होते. नऊ, दहा. टकटकच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. अकरा. बारावा डबा उठून पट्टीवर बारा आला तेव्हा माझ्या घड्याळात तीन छप्पन झाले होते.

"सहा राहिलाय," टकटक म्हणाली. "नळी काढली ना? होईल. सेव्हला दहा सेकंद लागतात. घाईनं केलं तर होईल."

तिनं वायर सहाव्या डब्याला खुपसली. नर्सनं बाळावर हात ठेवला. टकटकची बोटं प्लगवर गेली, आणि तिथेच थांबली.

"मामी, तुझं घड्याळ बरोबर आहे?"

"माझं बरोबर आहे. त्या वायरमनचं काय सांगू?"

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. सेव्ह चालू असताना लाईट गेली तर डबा दगड. मुका डबा निदान लाल दिवा तरी लावतो. दगड काहीच करत नाही. शिवाय खाटेवर बाळ आहे, आणि दुसरा डबा सव्वा तासावर.

तिनं प्लगवरून हात काढला. "सिस्टर, हा आत्ता करत नाही. तुम्ही इथे उभ्या राहाल?"

सिस्टर सहाव्या खाटेशी आली, नर्सला बाजूला केलं आणि स्वतःचा हात बाळावर ठेवला.

तेवढ्यात लाईट गेली. माझ्या घड्याळात तीन सत्तावन्न. त्याच्या घड्याळात चार वाजले होते.

पडद्यांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात सगळे पांढरट दिसत होते. दोन्ही नर्स खाटांमधून फिरत होत्या, एका बाळाकडून दुसऱ्याकडे, वाकून, ऐकत. बारा सेकंदांनी लाईट आली, आणि मग खरं वाट बघणं सुरू झालं. दीड मिनिट. बारा डबे एकाच वेळी उठत होते. बाळांवर नजर ठेवणारं दुसरं काही नव्हतं, फक्त पाच बायका.

फळ्यावर आकडे यायला लागले. चार. एक. नऊ. दोन. उठताना प्रत्येक डबा एकदा टिक करतो, घंटी चालू असल्याची खूण. मी ते टिक टिक आवाज मोजले. अकरा. मग सहा आकडा आला, टिक न होता.

आणि तो आल्या आल्या लाल झाला.

आवाज नाही. पट्टीवर सहा, फळ्यावर सहा, दिवा लाल, आणि सगळं शांत. सिस्टरनं दिव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या हाताखाली जे थांबलं होतं ते तिला आधीच कळलं होतं. तिनं बाळाच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. एकदा. दुसऱ्यांदा जरा जोरात. पाय आखडला गेला, तोंड वेडंवाकडं झालं, आणि मग बारीक, रागावलेला आवाज निघाला.

लाल दिवा विझला.

"हा दिवसातून दोनदा असं करतो," सिस्टर म्हणाली. आवाज नेहमीचाच, पण चष्म्याची साखळी हलत होती. "विसरतो श्वास घ्यायला. कुणी आठवण करून दिली की घेतो."

टकटक खाटेच्या कडेला जमिनीवर बसली होती. कधी बसली, मला कळलं नाही. माझा फोन पुन्हा थरथरला तेव्हा तिनंच तो माझ्या हातातून घेतला.

"काय झालं? रूटीनच सांगितलंस ना?" ह्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

"नाही मामा. सगळं सांगितलं. आता एक डबा करायचाय, नंतर बोलते." तिनं फोन बंद केला. अशा रीतीनं ह्यांचा फोन बंद करणारी माणसं आमच्या घराण्यात आजवर शून्य होती.

मग तिनं सहावा डबा हातात घेतला. नर्सचा हात बाळावर, वायर, प्लग, बटण वेळेवर. घंटी चालू. सेव्ह. ओळ उमटायला लागली आणि मध्येच थबकली, नेहमी थबकते तशी. आम्ही तिघी लॅपटॉपच्या पडद्यावर वाकलो होतो. झालं, असं उमटलं. टकटकनं पडदा माझ्याकडे वळवला. "मामी, वाच. मोठ्यानं."

"झालं," मी वाचलं.

सिस्टरनं कुणाला न विचारता प्लग ओढला. पुन्हा लावला. पुन्हा दीड मिनिट. टिक. सहा. तिनं चिमटा सैल केला, आणि घंटी अशी ठणाणली की शेजारची तीन बाळं दचकून जागी झाली आणि एका सुरात रडायला लागली. नर्स हसली. मी डोळे पुसले, घामानं चुरचुरत होते.

पण सिस्टर हसली नाही. चिमटा नीट लावून ती पहिल्या खाटेकडे गेली, नर्सला खूण केली, आणि तिथला प्लग काढला. वाट पाहिली. वाजवून पाहिलं. मग दुसरी, मग तिसरी. आम्हाला हात लावू देत नव्हती. टकटक पिशवी छातीशी धरून तिच्या मागून प्रत्येक खाटेपाशी जात होती, आणि प्रत्येक वेळी घंटी वाजेपर्यंत श्वास धरून उभी राहत होती. पावणेपाच वाजले.

सातव्या खाटेनंतर टकटकला राहवलं नाही. "सिस्टर, आता पटलं ना?"

"सात खाटांपुरतं पटलं," सिस्टर म्हणाली, आणि तिनं आठवा प्लग काढला.